काचेवरचं शेवाळ

"थांबा, बघू द्या आधी," असं म्हणून तो कुणाच्याही हातातला पाण्याचा पेला काढून घ्यायचा. पेला उजेडाकडं धरायचा, एक डोळा बारीक करून आरपार बघायचा आणि मग परत द्यायचा. चहाची टपरी असो की लग्नाची पंगत. टपरीवाला वैतागायचा. "पाणी हाय बे, सोनं न्हाई." तो शांतपणे म्हणायचा, "सोन्यात भेसळ झाली तर माणूस मरत न्हाई."

तुम्ही कधी दवाखान्याच्या बाकावर तासन् तास बसला असाल, तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आत आपलं माणूस मशीनला जोडलेलं असतं आणि बाहेर आपल्याला दाराच्या काचेतून मशीनभोवती फिरणारा एकच चेहरा दिसत राहतो. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून आम्ही आठवड्यातून दोनदा तेलगावहून एसटीनं बीडला जात होतो. त्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीन सांभाळणारा टेक्निशियन तो. वय पस्तिशीचं, अंगानं काटकुळा, कडा गावाकडचा. आईबापांनी ऊस तोडून त्याला वसतिगृहात ठेवलं, शिकवलं. मला तो सर म्हणायचा, सुमनला काकू.

सुई टोचताना तो सुमनशी बोलत राहायचा. "काकू, शेंगदाण्याची चटणी खाल्ली ना? खरं सांगा. मला रिपोर्टात दिसतंय."

"एवढीशीच खाल्ली रे."

"तुमचं आन् माझ्या टाकीचं एकच दुखणं हाय. फॉस्फरस वाढला की भोग."

ही टाकी काय ते आम्हाला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. एकदा मशीन लवकर संपली, बसला दोन तास होते, तेव्हा तो आम्हाला घरी घेऊन गेला.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दारात पाण्याचे ड्रम, कारण नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. आणि आतल्या खोलीत भिंतीएवढी काचेची टाकी, निळसर उजेडात चमकत असलेली. त्यात समुद्र. खरंच समुद्र. खडकांवर जांभळी, हिरवी प्रवाळं, फुलासारखी उघडलेली, आणि त्यांच्यातून फिरणारे पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. बीडमध्ये, जिथून समुद्र गाठायला रात्रभर प्रवास करावा लागतो.

त्याची आई दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. "बघा सर, लोकं घागरीमागं पळतेत, आन् ह्यो चांगल्या पाण्यात मीठ कालवतो," ती म्हणाली. "लग्न कर म्हणलं तर म्हणतो, जागा कुठं हाय? जागा समदी माशाला दिली."

सुमन टाकीसमोर जमिनीवरच बसली. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिला स्वतःला दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी प्यायची परवानगी, आणि समोर एवढं पाणी. माशामागं काचेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "समुद्र असा असतो?"

"लई मोठा असतो, काकू. पण वागायला असाच."

मुंबईला शिकायला असताना तो रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊन बसायचा. तिथून हे वेड आलं. मीठ कुरियरनं यायचं. पाणी दवाखान्यातलं, आरओच्या प्लँटमधून, साहेबांची परवानगी काढून आठवड्याला दोन कॅन. "आपल्या बोअरच्या पाण्यात कोरल एक दिवस जगत न्हाई," तो म्हणाला. "दवाखान्याचं पाणी शून्य. त्यात काहीच न्हाई. म्हणून तर ते काकूंच्या रक्ताला चालतं."

काचेच्या कोपऱ्यात हिरवट डाग होता. तो जुन्या टूथब्रशनं खरवडत त्यानं आम्हाला शेवाळाचं गणित समजावलं. लोक औषध ओततात, त्याचा उपयोग नसतो. शेवाळ काय खाऊन वाढतंय ते हुडकायचं. माशांना जास्त दाणा पडतोय का, दिवा जास्त वेळ जळतोय का, का पाण्यातच काही येतंय. "ते खाणं तोडलं की शेवाळ आपोआप मरतं. घाई केली तर टाकी मरते."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याच्या टाकीत शेवाळ माजलं. आधी वाळूवर तपकिरी धूळ, मग खडकांवर केसांसारखे हिरवे झुबके. तो रोज सांगायचा. दाणा निम्म्यावर आणला. दिवा चार तास केला. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या. ब्रशनं हातभर शेवाळ काढायचा आणि आठ दिवसांत तेवढंच परत. "कावून होतंय, कळंना सर," म्हणायचा. त्याचे डोळे खोल गेले होते. मी मनात हसायचो. माणसाला काळजी करायला काय विषय सापडेल सांगता येत नाही.

त्याच दिवसांत सुमनला मशीननंतर उलट्या व्हायला लागल्या. डोकं ठणकायचं, बस धारूर रस्त्याला लागेपर्यंत ती माझ्या मांडीवर आडवी झालेली असायची. मला वाटलं उन्हानं होतंय, बसनं होतंय. बाकावरच्या इतरांचीही तीच रड होती. चकलांब्याची एक ताई होती, शिवणकाम करून घर चालवणारी. ती म्हणायची, "आधी मशीनवरून उठले की बरं वाटायचं. आता मशीनचीच भीती वाटती."

एका रविवारी त्यानं घरी दोन बादल्या भरल्या. एकीत बॅटरीच्या दुकानातलं शुद्ध पाणी, दुसरीत दवाखान्याचं. मीठ टाकायच्या आधी दोन्हींत पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं मीटर बुडवलं. पहिल्यात शून्य. दुसऱ्यात आकडा दोनशेच्या वर गेला. त्याला वाटलं मीटर बिघडलं. त्यानं परत बुडवलं, परत तेच.

हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. तो तसाच दवाखान्यात गेला. प्लँटच्या पॅनलवर आकडा होता आठ. नेहमीचाच. नळाखाली मीटर धरलं तर दोनशेच्या वर. आरओची जाळी निकामी झाली होती आणि पॅनलवरचा आकडा कधीचा अडकून बसला होता. बोअरचं जड पाणी मशीनमधून सुमनच्या, त्या ताईच्या, सगळ्यांच्या रक्तापर्यंत पोचत होतं. आणि प्लँटच्या रजिस्टरमध्ये तीन महिने, रोज सकाळी, त्याच्याच अक्षरात "आठ" आणि पुढं त्याची सही.

"दवाखान्याचं पाणी म्हणून मी मोजायचंच सोडलं, सर. घरच्या माशाचं मोजलं. माणसाचं न्हाई मोजलं."

सोमवारी त्यानं मशीन सुरू केल्या नाहीत. मॅनेजर म्हणाला, नवी जाळी आठवड्यात येते, तोवर चालव. तो म्हणाला, चालवत नाही. मग बाहेर येऊन बाकांपुढं उभा राहिला आणि जे होतं ते सगळं सांगितलं, सहीसकट.

तुम्हाला वाटेल आम्ही त्याचे आभार मानले असतील. कुणी त्याची कॉलर धरली. कुणी रडायला लागलं, कारण तीन-चार दिवसांचं पाणी अंगात घेऊन माणसं आली होती. मीही ओरडलो. "एवढं पाणी कळतं तुला, तर तीन महिने काय झोपला होतास?" सुमननं माझा सदरा मागून ओढला.

आम्हाला दुसऱ्या दिवशी लातूरला नंबर मिळाला. चकलांब्याच्या ताईला मिळाला नाही. तिच्या नवऱ्यानं तीन ठिकाणी फिरवलं. चौथ्या दिवशी सकाळी, गाडीतच, ती गेली.

तिच्या मातीला तो गेला होता. लोकांनी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. तो सगळ्यांत मागं उभा राहिला, आणि माणसं पांगल्यावर तिच्या नवऱ्यापुढं जाऊन रजिस्टरची गोष्ट सांगितली. नवऱ्यानं त्याला मारलं नाही. एवढंच विचारलं, "मशीन चालू ठेवली असती तर ती आज असती का?"

"आज असती," तो म्हणाला. "पुढचं मला सांगता येत न्हाई."

दवाखान्यात जाळी पाचव्या दिवशी बसली. त्याला कामावरून काढलं. आम्ही परत बीडला जायला लागलो, कारण लातूर लांब होतं. सुमनच्या उलट्या थांबल्या. नवा टेक्निशियन आला. त्याच्याशी आम्ही फारसं बोलत नव्हतो.

त्याला भेटून यावं असं सुमन दर खेपेला म्हणायची. मी टाळायचो. काय बोलणार होतो? माझं ते वाक्य परत घेता येण्यासारखं नव्हतं. शेवटी दिवाळीनंतर तिनंच रिक्षा थांबवली.

घरात आई एकटी होती. तो पुण्याकडं गेला होता, कुठल्याशा गोदामात पेट्या मोजायला. "दवाखान्यात कावून न्हाई म्हणलं," आई सांगत होती, "तर म्हणला, आता माणसाच्या कामात न्हाई जायाचं."

टाकी तिथंच होती. निळा दिवा बंद. चारी काचा हिरव्या गच्च, आतलं काहीच दिसत नव्हतं. पाणी फिरवणारी मोटार मात्र घरघरत होती.

"जाताना म्हणला, मोटार बंद करू नको," आई म्हणाली. "फोन आला की पहिलं तेच इचारतो, आत जित्तं हाय का. मला तर दिसत न्हाई. मी म्हणते, असंल बाबा."

सुमननं सुया टोचायचा, मशीनचा हात पदराखाली घेतला. दुसऱ्या हाताची बाही वर सरकवून तो कोपरापर्यंत टाकीत घातला आणि काच आतून पुसली. तळहाताएवढी जागा मोकळी झाली. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. मासा नव्हता. खडकावरची प्रवाळं हाडांसारखी पांढरी झाली होती आणि त्यांच्यावर हिरवे झुबके पाण्याबरोबर हलत होते.

"हाय का काही?" आईनं विचारलं.

सुमननं हात बाहेर काढला. हाताला शेवाळाचा वास येत होता.

"हाय," ती म्हणाली. "समदं जित्तं हाय, मावशी."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मग कोनाड्यातला फोन चाचपडत काढून माझ्या हातात दिला. "मग लावून द्या की सर. तुमीच सांगा त्याला. तुमचं खरं मानंल त्यो."

मी नंबर लावला. पलीकडं रिंग जात होती.