डीपीवर कोन हाये?

बारशाला भेटोत, एसटी स्टँडवर भेटोत, नाहीतर आमच्या ओट्यावर, गावातले काकाजी आधी खांद्यावरचा लाल दुपट्टा काढत, झटकत, परत खांद्यावर टाकत आणि विचारत, "डीपीवर कोन हाये?"

तुम्ही शहरातले असाल तर तुमच्या डोळ्यांपुढे मोबाइलमधला गोल फोटो आला असेल. वाशीममध्ये डीपी म्हटलं की कोणी नव्या कॉलन्यांकडचा रुंद रस्ता दाखवतो, कारण विकास आराखड्यातल्या रस्त्यालाही डीपीच म्हणतात. आमचं गाव जऊळक्याच्या बाजूला. तिथं डीपी म्हणजे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दोन खांबांमध्ये बसवलेला ट्रान्सफॉर्मर. शिवारातल्या पाण्याच्या सगळ्या मोटारी तिच्यावर. "डीपीपाशी ये" म्हणजे भेटायची जागा, "डीपीचं वावर" म्हणजे पत्ता, आणि "डीपीखालची बातमी" म्हणजे जिच्यावर विश्वास ठेवायचा नाही ती.

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते. पदवीच्या झग्यातला फोटो मी डीपी म्हणून ठेवला आणि काकाजींना दाखवला.

"हे पन डीपीच का?"

"हो."

"मंग याच्यावर ध्यान कोन ठेवते?"

"कोणी नाही. तो नुसता दिसायला असतो, काकाजी."

त्यांनी फोन परत दिला. "मंग चांगलं हाये. याले हात लावला त मानूस मरत नाई."

हा माणूस कधी बसायचा नाही. पंगतीत एक पुरी खाल्ली की उठून मांडवाचे दोर तपासून येई. कारंज्याच्या एसटीत जागा रिकामी असली तरी दाराशी दांडी धरून उभा. कंडक्टर म्हणे, "बसा ना बाबा, बसाचंच तिकीट काढलं तुमी." काकी सांगायच्या, लग्नातसुद्धा पाटावरून उठून मांडवाबाहेर पाहून आले होते. बोलता बोलता त्यांची नजर दूर जाई आणि दुपट्टा पुन्हा झटकला जाई.

बसायचे ते एकाच ठिकाणी, डीपीखाली. त्याचं असं आहे. वावरातल्या खांबावर तार तुटली, तर लाइनमनकडे पुष्कळ गावं. तो येईल तेव्हा येईल. तोवर पीक थांबत नाही. मग आपलाच कोणी डीपीचा लोखंडी दांडा खाली ओढून लाइट बंद करतो आणि खांबावर चढतो. करू नये, पण करतात. अशा वेळी काकाजी आपला दुपट्टा त्या दांड्याला बांधत आणि खाली दगडावर बसत. तार जोडणाऱ्यानं खाली उतरायचं, डीपीपर्यंत चालत यायचं आणि आपल्या हातानं दुपट्टा सोडायचा. मगच दांडा वर.

एकदा माझा दादा खांबावर होता. पलीकडचा हळदवाला तणतणत आला. शेतीच्या लाइटचे ठरलेले तास संपत आले होते आणि त्याची हळद पाण्यावाचून सुकत होती. तेवढ्यात दादा लांबून ओरडला, "झालं, लावा!"

"आयकलं ना काकाजी? लावा आता."

"आवाजावर नाई लावत मी."

"तुमी काय डीपीचे मालक हाये का?"

"नाई. तू पन बस, दगड मोठा हाये."

हळदवाला बसला नाही. शिव्या घालत येरझाऱ्या घालत राहिला. दादा आला, दुपट्टा सोडला, तेव्हा कुठे दांडा वर गेला. पुढे पोरांनी मोबाइलवर ग्रुप केला, त्यावर 'झालं' असं टाकलं की पुरे, असं ठरवलं. काकाजींनी ठरू दिलं आणि दगडावर जाऊन बसले.

का, ते मला बाबांनी सांगितलं. फार जुनी गोष्ट. काकाजींचा धाकटा भाऊ खांबावर होता. त्याच डीपीवरच्या दुसऱ्या वावरातही कोणी तार जोडत होतं. त्या वावरातून हाक आली, "झालं, लावा." दांडा काकाजींच्याच हातात होता. बाबांनी एवढंच सांगितलं आणि बैलांकडे निघून गेले.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी दादा पुन्हा खांबावर चढला आणि काकाजी दगडावर बसले. बसल्या बसल्याच कलंडले. लोकांनी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि वाशीमला आणलं. मी वाशीमलाच नोकरीला, म्हणून गाडीच्या आधी दवाखान्यात पोचले. दादा शिवाराच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला तोवर यातलं काहीच माहीत नव्हतं.

काकाजी शुद्धीवर आले ते उठायलाच. सलाइनची नळी ओढत होते. नर्स रागावली. मी खांदे धरले.

"डीपीवर कोन हाये?"

"आता कोणी लागत नाही, काकाजी. दादा उतरला खाली. फोन आला त्याचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आवाजावर सांगून राह्यली का, बाई?"

पाय पलंगाखाली सोडायचे, आम्ही वर घ्यायचो, ते पुन्हा सोडायचे. शेवटी दादा आला, अंगावर वावरातलेच कपडे, हातात लाल दुपट्टा. काकाजींनी दुपट्टा घेतला नाही. आधी दादाचे हात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, बोटं दाबून पाहिली.

"कोन होतं दांड्यापाशी?"

"हळदवाला. तुमाले उचललं तवापासून दगडावरून उठला नाई तो. मीच जाऊन सोडला दुपट्टा."

काकाजींनी पाय आपणहून वर घेतले. "मंग लावा आता," म्हणाले आणि डोळे मिटले.

घाईत दादा दांडा वर न करता, हळदवाल्यालाही लावायचं न सांगता निघून आला होता. त्यानं व्हरांड्यात जाऊन हळदवाल्याला फोन लावला. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं.

"लाव लाइट. काकाजी म्हनून राह्यले."

"फोनवर नाई लावत बाप्पा मी," हळदवाला म्हणाला. "तू ये."

दादानं मोटारसायकल काढली. तो गावात पोचायच्या आत काकाजी गेले. मी त्याला लगेच कळवलं नाही. आधी त्याला डीपीपर्यंत जाऊ दिलं.