वल्हांडणाआधीचा शनिवार

शेजारच्या दाऊदकाकांच्या भिंतींना चुना लागला की वल्हांडण जवळ आला, हे मला कॅलेंडर न बघताच कळतं. मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा हा यहुद्यांचा सण. भांड्यांना कल्हई होते, सणात आंबवलेलं चालत नाही, म्हणून घरातला पावाचा कण न् कण बाहेर जातो. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ; सणाआधीचा शनिवार म्हणजे मोठा शब्बाथ. त्या दुपारी काका सुटकेची गोष्ट मोठ्यानं वाचून बघतात. सणाच्या रात्री अडखळायला नको.

यंदाही उरलासुरला पाव काका-काकू दोघांनी ओटीवरच खाल्ला, झाडलेल्या घरात चुरा नको म्हणून. मग काकांनी पुस्तक उघडलं आणि ते थांबले. ही गोष्ट आपणहून सुरू करायची नसते. आजची रात्र वेगळी का, असं घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं आधी विचारायचं असतं. मुलं-नातवंडं तर सगळी इस्रायलला.

"आता विचारणार कोण?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या रिबकाकाकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोण म्हणजे? या घरात सगळ्यांत धाकटी मीच की!"

उत्तरं पुस्तकात छापून ठेवता येतात, पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. प्रश्न मात्र दरवर्षी जिवंत माणसाच्या तोंडूनच यावा लागतो. तो येतो आहे तोवर घर रिकामं झालेलं नाही, हे मी आता खात्रीनं सांगेन.

काकूंनी हात जुळवून, शाळकरी पोरीसारखं सुरात विचारलं. आणि काका, तिनं ही गोष्ट कधी ऐकलीच नसावी अशा हौसेनं, तिला पहिल्यापासून सांगू लागले.