अधल्यामधल्यांची बैठक

माझ्या मामाने बँडमास्तरांची मिशी उडवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मामाचं केस कापायचं दुकान आहे. तीन खुर्च्या, कोपऱ्यात केस धुवायच्या बेसिनपाशी मागे रेलणारी एक जादा, समोर भिंतभर आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. बाकाचा एक पाय आखूड, त्यामुळे बसलेले सगळे एकदमच डुलतात. बँडमास्तर जुनं गिऱ्हाईक. दाढी करता करता मामाने थट्टेत विचारलं, "आज मिशीही काढायची का?" त्यांची मिशी त्यांच्या ट्रम्पेटइतकीच प्रसिद्ध. त्यांनी डोळे न उघडता मान आडवी हलवली. मामाने वस्तरा फिरवला.

"अहो, मी नाही म्हणालो!" बँडमास्तर आरशात बघून किंचाळले.

"मान हलवलीत ना तुम्ही!"

"आडवी हलवली, आडवी!"

"तेच ना. आडवी म्हणजे हो," मामा म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

माझे आजोबा कारखान्यांमध्ये बॉयलर बसवायचे. एका देशातला बॉयलर तापला की दुसऱ्या देशातून बोलावणं यायचं. माझी आई मोठी, ती शाळेसाठी तिच्या आत्याकडे राहिली. मामा शेंडेफळ, तो सामानाबरोबर फिरला. एका देशात तो चालायला शिकला, दुसऱ्यात बोलायला, आणि तिसऱ्यात त्याला सांगण्यात आलं की दोन्ही चुकीचं शिकलास. त्या दुसऱ्या देशात आडवी मान म्हणजे होकार. एरवी मामा सांभाळून घेतो, पण दमला की त्याचं डोकं तिकडे निघून जातं.

बँडमास्तर ओठावर रुमाल धरून घरी गेले. त्यांच्या बायकोने निरोप पाठवला की लग्नानंतर पहिल्यांदाच यांचा वरचा ओठ दिसला, बरा आहे. बँडमास्तरांना मात्र ट्रम्पेट गार लागायला लागलं.

मामी हसली नाही. "आज मिशी गेली, उद्या कोणाचा कान जाईल," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यांसाठी कुठेतरी काहीतरी सोय असेलच. शोधा."

"माझ्यासारखे म्हणजे कसे?"

"अधलेमधले."

मामाला ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन शोधायला बाहेर पडला. आधी डॉक्टर. त्यांनी मान दाबून पाहिली, दोष काही नाही म्हणाले आणि शेक घ्यायला सांगितला. मग वाचनालय. तिथल्या बाईंनी मामाची सगळी हकिगत मन लावून ऐकली, आत गेल्या आणि कलमी झाडांची निगा कशी राखावी यावरचं जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. मामाने ते घरी नेऊन अख्खं वाचलं. "पटण्यासारखं बरंच आहे," तो परत करताना म्हणाला, "पण खताचं जमणार नाही."

बाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी दोन-चार फोन केले आणि आम्हाला पलीकडच्या रस्त्यावरच्या समाजकेंद्रात पाठवलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी अशाच लोकांसाठी एक गट सुरू केला होता. मामाला बघून त्यांचे डोळेच भरून आले.

"या, या! गटात दोन माणसं आहेत हो, पण गटच होत नाही."

झालं होतं असं. पहिली सदस्य एक नर्स. ती जिथे वाढली तिथे वेळेवर येणं म्हणजे उशीर. ती अर्धा तास आधी यायची, रिकामी खोली बघायची आणि रद्द झालं समजून निघून जायची. दुसरा फरशी बसवणारा. तो जिथे वाढला तिथे वेळेवर जाणं म्हणजे यजमानाला पसाऱ्यात पकडणं. तो तासभराने यायचा, तोवर खोलीला कुलूप. दुसरं कुणी आहे यावर दोघांचाही विश्वास उरला नव्हता.

"सोपं आहे," मामा म्हणाला. "नर्सबाईंना उशिराची वेळ सांगा आणि फरशीवाल्यांना आधीची."

ताईंनी तसं केलं. पण नेमकं त्याच आठवड्यात दोघांनीही मनाशी सुधारायचं ठरवलं. फरशीवाला सांगितलेल्या वेळेला पोचला, बंद दाराला नमस्कार करून परत गेला. नर्स मुद्दाम तासभर उशिरा आली, तेव्हा ताई कुलूप लावत होत्या आणि मामा किल्ली धरून उभा होता. तेवढ्यात दाराशी राहिलेली छत्री न्यायला फरशीवाला जिन्यावरून वर आला.

नर्सने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही खरंच आहात?"

"आहे की," तो म्हणाला. "तुम्ही?"

पुढच्या वेळी सगळे बसले. ताईंनी प्रसन्नपणे सुरुवात केली, "आधी ओळख करून घेऊ. आपण मूळचे कुठले?"

नर्सने विचारलं, "मूळ म्हणजे जन्माचं, शाळेचं, की सध्या माझी भांडीकुंडी आहेत ते?" तिला लहानपणी शिकवलं होतं की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं. फरशीवाल्याला शिकवलं होतं की ते उद्धटपणाचं. तिला वाटलं हा काहीतरी लपवतोय, त्याला वाटलं ही भांडायला उठलीय. मामा मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याची मान आडवी फिरत होती, त्यामुळे तो कशाला नाही म्हणतोय तेही कुणाला कळेना. बराच वेळ जमिनीकडे बघून शेवटी फरशीवाला बोलला, "ही फरशी वाकडी बसलीय." बैठक तिथेच संपली.

मग केंद्राच्या खोलीत रंगकाम निघालं. मंगळवारी दुकान बंद असतं म्हणून मामाने सगळ्यांना तिकडेच बोलावलं. तिघे तीन खुर्च्यांवर आरशाकडे तोंड करून बसले, ताई आणि मी बाकावर डुलत. आणि गंमत झाली. आरशात बघितलं की समोरच्याकडे बघितल्यासारखंही होतं आणि न बघितल्यासारखंही. फरशीवाल्याची जीभ एकदम मोकळी सुटली. तो एका भाषेत मोजतो, दुसरीत शिव्या देतो आणि मांजराशी तिसरीत बोलतो.

"आणि स्वप्नात?" नर्सने विचारलं.

"स्वप्नात मी गप्पच असतो. कशाला उगाच?"

नर्स इतकी हसली की खुर्चीसकट गर्रकन मागच्या भिंतीकडे फिरली.

मग मामा आपणहून बोलला. "वडील गेले तेव्हा मोठ्याने रडायचं की मुकाट्याने, तेच मला कळेना. तीन ठिकाणचं तीन प्रकारचं रडू आलं आणि घशातच एकमेकांना अडलं. म्हणून आत जाऊन लोकांचे कप धुतले. धुतलेलेसुद्धा पुन्हा धुतले. सगळे म्हणाले, दगड आहे."

हे मलाही माहीत नव्हतं. नर्स उठली, खुंटीवरचं केस कापताना गुंडाळायचं कापड काढलं, मामाच्या गळ्याभोवती झटक्यात बांधलं आणि म्हणाली, "रडा आता. कपडे भिजणार नाहीत."

मामा हसायला लागला, आणि हसता हसता खरोखरच रडला, चांगला मोठ्याने. ताईंनी बाकावरूनच त्याला फवारणीची बाटली दिली, पाणी म्हणून. तो प्यायलाही.

केंद्राची खोली रंगवून झाली तरी गट परत गेला नाही. मामाची मान अजूनही चुकते, पण आता गिऱ्हाइकांना तो आधीच बजावतो, "मला तोंडाने सांगा."

दुकानाच्या वरच मामाचं घर. दर मंगळवारी खालून हसण्याचा गलका ऐकून ऐकून एक दिवस मामी पदर खोचून खाली आली.

"मलाही गटात घ्या."

"अगं, तू जन्मापासून याच गावात," मामा म्हणाला.

"गाव तेच हो. पण आमच्याकडे भांडण झालं की भांडी आपटायचे आणि तासाभरात सगळे एकत्र जेवायचे. तुमच्या घरी आठवडाभर अबोला. पहिलं वर्षभर मला समजायचंच नाही, हे लोक चिडलेत की झोपलेत."

ताई विचारात पडल्या. "नियमात बसतं का बघायला हवं."

"आपल्याकडे नियम आहेत?" फरशीवाल्याने घाबरून विचारलं.

नव्हतेच. खुर्चीही रिकामी नव्हती, म्हणून मामीला केस धुवायच्या मागे रेलणाऱ्या खुर्चीवर बसवलं. तिने डोकं बेसिनवर टेकलं, छताकडे बघत सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली, "तर सांगते. यांची आई…"

"पाणी सोडू का?" मामाने अदबीने विचारलं.

"सोडा," मामी म्हणाली, "पण मध्ये बोलू नका."