रुमालाखालचा सौदा

विट्याच्या बाजारपेठेत डॉक्टर शिफाचा दवाखाना आहे. तिथं रोग कमी आणि हरकती जास्त येतात. गोळी उष्ण पडते, औषध कडू लागतं, शेजारणीला याच औषधानं खाज सुटली. सुरुवातीला शिफा वाद घालायची आणि जिंकायचीही. मग पेशंट "व्हय, व्हय" म्हणून मान डोलवायचा आणि पुन्हा म्हणून फिरकायचा नाही. तिचे अब्बा इलाहीभाई बकऱ्यांचे व्यापारी. ते म्हणायचे, गिऱ्हाईक आधी दात बघतंय, मग खुरं बघतंय, खरी अडचण शेवटी काढतंय. ते पटल्यापासून शिफानं जिंकणं सोडलं. आता ती फक्त विचारते, "आणि?"

नानासो मेंढपाळ आले, तेव्हा मात्र हा "आणि"सुद्धा घायकुतीला आला.

नानासोंची साखर गोळ्यांना जुमानत नव्हती आणि तळपायाची जखम काही केल्या भरत नव्हती. इन्सुलिन सुरू केलं नाही तर पाय गमावायची पाळी येईल, हे शिफानं स्वच्छ सांगितलं होतं. दिवाळी झाली की कळप घेऊन कुंडलकडं उतरायचं, तिथल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, यातच त्यांचा जन्म गेलेला. पाय गेला की कळपही गेला. बायको हरणाबाई बाकावर पदर चाळवत गप्प बसली होती. मिशीवाल्या नवऱ्याच्या मध्ये बोलायची तिची रीत नव्हती.

"सुई एकदा लागली की जन्माची लागती," नानासो म्हणाले.

"आणि?"

"रानात फ्रिज कुठला आणायचा?"

"दोन गाडगी घ्या, एकात एक ठेवा, मधी वाळू भरून ती भिजवा. आतल्या गाडग्यात औषध गार ऱ्हातंय. आणि?"

"साखर म्हंजी बसून खाणाऱ्यांचा रोग. आमी दिसभर चालणारी माणसं."

"तरी गाठलंच की तुमाला तिनं. आणि?"

नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. "सुईवाल्या माणसाला मेंढरं वळकत न्हाईत."

हे ऐकून हरणाबाईनंसुद्धा तोंडाला पदर लावला. शिफाच्या लक्षात मात्र दुसरंच काही आलं. तिचा हात सुईच्या ट्रेकडं गेला की नानासो छताचा पंखा न्याहाळायला लागत, आणि पंखा तर बंद होता.

एवढ्या रांगड्या गड्यानं बायकोदेखत हे कबूल करणं शक्य नव्हतं. शिफानं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, स्वतःच्या हातावर पसरला आणि हात पुढं केला. मेंढरांच्या बाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. नानासोंचा हात सवयीनंच आत गेला.

शिफा कानाशी वाकली. "एक बोट म्हंजी व्हय, दोन म्हंजी न्हाई. नाना, सुईचं भ्या वाटतंय?"

नानासोंनी पुन्हा बंद पंख्याकडं बघितलं. रुमालातल्या हाताला घाम फुटला होता. मग एकच बोट जोरात दाबलं गेलं. शिफाला हसू येणार होतं, पण त्याऐवजी म्हाताऱ्याची मायाच वाटली.

"ठरला सौदा!" ती मोठ्यानं म्हणाली. "औषध सुरू. टोचायचं काम हरणामामींचं."

नानासोंचा जीव भांड्यात पडला, तशी मिशीही वर आली. "बायामाणसाला सुईतलं काय कळतंय?"

"तर! कळपाला इतकी वर्सं कोण टोचतंय?" हरणाबाईला पहिल्यांदाच कंठ फुटला. "ह्ये नुसतं मेंढराचं कान धरत्यात. त्ये बी तोंड फिरवून. आवं डाक्टरीणबाई, रुमाल कशाला घातलासा? मला इचारायचं की."

शिफाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सगळ्या हरकती तिनं उकरून काढल्या होत्या, बाकावरच्या बाईला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं. तिनं मुकाट्यानं हरणाबाईला इन्सुलिनचं पेन दाखवलं, पोटाला कुठं आणि कसं लावायचं ते शिकवलं. सुई तांदळाच्या दाण्याएवढी होती. नानासोंच्या डोळ्यांपुढं मात्र मेंढरांची जाडजूड सुईच होती. त्यांनी डोळे गच्च मिटले.

"टोच की एकदाची!" ते ओरडले.

"कवाच टोचली," हरणाबाई म्हणाली.

दिवाळीपर्यंत जखम भरली आणि कळप कुंडलकडं उतरला. नानासो पुढं चालतात, हरणाबाई मागून गाडगी सांभाळत येते. सुईची वेळ झाली की नानासो वर बघायला लागतात. रानात पंखा नसतो, म्हणून आभाळ बघतात.