मागणं परत घ्यायला गेले तेव्हा

देवाच्या दारात जाऊन मी एका बाईचं वाईट मागून आले होते, आणि तीही माझ्यासारखीच दुखणाईत. हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. अनुभव सांगताना लोक चांगलं तेवढं सांगतात, देव पावला, डोळे भरून आले. माझी सुरुवात हेव्यापासून आहे. आणि हेवा तरी बाईनं कशाचा करावा? दागिन्यांचा करावा, जावेच्या नव्या फ्रीजचा करावा. मी दोन वर्षं लोकांच्या लघवीचा हेवा केला. हसायचं तर हसा. मालक परसात जाऊन दोन मिनिटांत मोकळे होऊन यायचे तरी माझ्या अंगाची आग व्हायची.

आम्ही मार्गासनीचे. थोडी भातखाचरं, दोन म्हशी आणि मालकांचा दुधाचा टेम्पो. लावणीच्या दिवसांत वाकून वाकून कंबर जायची, म्हणून दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची, सकाळी एक, संध्याकाळी एक. चार-पाच वर्षं तेच केलं. बीपी होतं, ते तपासलं कुणी? त्यात बाईमाणसाला खाचरात आडोसा नसतो, म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि लागली तरी घरी येईपर्यंत दाबून धरायची. आमच्याकडच्या सगळ्या बायका तेच करतात आणि त्याला सोशिकपणा म्हणतात. पुढे पाय सुजले, तोंड सुजलं, दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. डॉक्टरांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. पाठीच्या दोन बाजूंना मुठीएवढ्या दोन किडन्या, त्यांच्यापासून खाली उतरणाऱ्या दोन नळ्या आणि तळाशी लघवीची पिशवी. अंगातलं सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा त्या दोघींतून गाळून निघतं, हवं ते परत आत जातं आणि नको ते पाण्याबरोबर बाहेर पडतं. "तुमच्या दोन्ही बसल्यात, मावशी," ते म्हणाले. जन्मभर मी गोठ्यातलं शेणमूत काढलं, सगळ्यांच्या मोऱ्या घासल्या. माझ्या पोटात कुणीतरी हेच काम न बोलता करत होतं, हे ते काम थांबल्यावर कळलं.

मग डायलिसिस सुरू झालं. हायवेच्या बाजूला एक सेंटर आहे, तिथे आठवड्यातून दोनदा जायचं. डाव्या हाताच्या शिरेत दोन सुया, रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, गाळून परत येतं, चार तास. किडन्या जे रात्रंदिवस करायच्या ते मशीननं आठवड्यातल्या आठ तासांत उरकायचं. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यातच चहा, त्यातच आमटी. जास्त प्यायलं की वजनकाटा चुगली करतो आणि सिस्टर सगळ्यांदेखत बोलते. माझी लघवी तिसऱ्या महिन्यात पार बंद झाली. शेजारच्या पलंगावर शिवऱ्याची शमीम असायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, घरी शिवणकाम करायची. तिचं दुखणं माझ्याच महिन्यात निघालं, पण तिला अजून लघवी होत होती. आली की सांगायची, "ताई, काल बी अर्धा तांब्या झाली." बिचारी आनंदानं सांगायची. मी "बरं झालं बाई" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. तिला पाणी जास्त चालायचं. ती माझ्यासमोर भरलेला कप चहा प्यायची आणि मी बर्फाचा खडा चोखत पडायचे. त्या कपात माझा जीव अडकलेला असायचा, खरं सांगते.

त्यावर कळस म्हणजे तिचा भाऊ किडनी द्यायला तयार झाला. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. भावाची बायको स्वतः म्हणाली म्हणे, एका किडनीवर माणूस नीट जगतो, देऊन टाका. इकडे माझा भाऊ. त्याचा आणि माझा रक्तगट एक, हे आमच्या लहानपणापासून माहीत. माझ्या दुखण्याचं कळल्यावर आला, केळी घेऊन आला, जी मला चालत नाहीत, आणि त्यानंतर त्याचा फोनसुद्धा नाही. मालकांना साखर, त्यांची चालत नाही. शमीम दर खेपेला नवं काही सांगायची, आज भावाची ही तपासणी झाली, आज ती झाली. मी ऐकायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. एकाच महिन्यात दोघी बुडालो, मग हिलाच हात का?

आमच्या नदीकाठी महादेवाचं देऊळ आहे. लहान गाभारा, चार पायऱ्या खाली उतरून जायचं. पिंडीवर घातलेलं पाणी शाळुंकेवरून वाहतं आणि भिंतीतल्या दगडी मोरीतून बाहेर केळीच्या बुडाला जातं. प्रदक्षिणा घालताना आम्ही त्या मोरीपाशी येऊन माघारी फिरतो, ते पाणी ओलांडत नाही, एवढा त्याचा मान. एका सोमवारी लोक घागरीच्या घागरी ओतत होते आणि मी एका तांब्यावर हात ठेवून उभी होते. मला देवाचाही हेवा वाटला. दगडाच्या देवाला किती पाणी घातलं तरी बाहेर पडायला वाट आहे, आणि मला नाही. त्या रागात मी तांब्या पिंडीवर उपडा केला आणि मनात म्हटलं, तिला भावाची किडनी मिळू नये. एवढं कर, अकरा कळशा पाणी घालीन. बाहेर आले तेव्हा मालकांनी विचारलं, काय मागितलं? मी म्हटलं, मागायचं ते मागितलं.

पुढच्याच आठवड्यात शमीम आली ती डोळे सुजवून. भावाच्या लघवीत पू निघाला होता. डॉक्टर म्हणाले, आत काय आहे ते बघू, जास्त काही निघालं तर भावाची किडनी घेता येणार नाही. ती चार तास उशीत तोंड खुपसून पडली. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या तोंडचं पाणी पळालं. देवानं दोन वर्षांत माझं एक ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते हे. त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर? त्याला दोन पोरी. घरी आल्यावर मला आणखी एक सुचलं. नवस पुरा झाला की फेडावा लागतो. अकरा कळशा घातल्या म्हणजे मी त्या मागण्यावर शिक्का मारला. नाही घातल्या तर देवाला शब्द देऊन फिरले. नवस करणारे पुष्कळ पाहिले, पण मागितलेलं परत कसं घ्यायचं ते कुणाला विचारायचं?

शेवटी दुपारची एकटीच देवळात गेले. गुरव जेवायला गेलेले. गाभाऱ्यात घोट्याच्या वर पाणी साचलेलं, बेलपानं तरंगत होती आणि लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली एक म्हातारी खाली वाकून मोरीत काठी घालत होती. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. वेल्ह्याला जाणारी एसटी चुकली, म्हणून दर्शनाला शिरले, म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "तुजा हात बारीक हाय बाय, घाल जरा. माजा जाईना."

डाव्या हाताला जपायचं असतं, म्हणून उजवा घातला. दंडापर्यंत घातला. आत काय नव्हतं! कुजलेला बेल, कापसाच्या वाती, उदबत्तीच्या पुड्याचं प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या. मी ओढत होते, ती बाहेर टाकत होती. घाण वास सुटला होता, पण मला किळस आली नाही. मग एकदम आत काहीतरी सुटलं आणि पाणी घळाघळा जायला लागलं. ते जाताना बघून मला रडू फुटलं. किती दिवसांत मी असं काही मोकळं होताना पाहिलं नव्हतं. म्हातारीनं पदरानं माझा हात पुसला आणि मी तिला सगळं सांगून टाकलं, शमीमचा चहा, तिचा भाऊ, माझं मागणं, सगळं.

ती पायरीवर बसून ऐकत होती. रागावली नाही, कीव पण केली नाही. "कंच्या सोमवारी मागितलंस?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "मग ही मोरी तवाधरनं तुंबलीया. बेल बघ की कसा काळा पडलाय. तुजं पाणी हितंच पडून व्हतं. देवाच्या अंगावर आलं आन् पायाशी साचलं. आता तू तुज्या हातानं वाट केलीस, गेलं केळीच्या बुडाला." मी विचारलं, "आजी, आन् कळशा? त्या घालू का नको?" तर म्हणाली, "ते मला इचारू नगं. मी काय गुरव हाय? पर जिचं वाईट मागितलंस तिला सांग जा. देवाला सांगून भागायचं न्हाई." मग रस्त्यावर गाडीचा आवाज आला म्हणून ती पाय धुऊन लगबगीनं निघून गेली. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. ती कोण होती याचा मी फार विचार करत नाही. एसटी चुकलेली म्हातारी होती. माझ्यासाठी चुकली असेल, एवढंच मनात येतं.

सांगणं सोपं नव्हतं. सुया लावून सिस्टर लांब गेली तेव्हा मी शमीमला हाक मारली आणि एका दमात बोलून टाकलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. छताकडे बघत राहिली. दोघींच्या हातांत सुया, उठून जायची सोय नाही, चार तास तसंच शेजारी पडून काढायचे. मला वाटलं होतं ती रडेल किंवा शिव्या देईल. पुढच्या खेपेला तिनं सिस्टरला सांगून मधला पडदा ओढून घेतला. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, भोग आता.

तिसऱ्या खेपेला ती आली आणि पडदा आपण होऊन सरकवला. भावाला औषधं लागू पडली होती. दुसरी तपासणी स्वच्छ आली, आणखी काही निघालं नाही. पुण्याला ऑपरेशनची तारीख मिळाली. हे तिनं मला सांगितलं, पण तोंडावर हसू नव्हतं. मग म्हणाली, "ताई, त्या अकरा कळशा घातल्या का?"

"न्हाई गं."

"मग घाला. ऑपरेशन चालू आसंल तवा घाला, माझ्या भावाच्या नावानं. मी माझ्या नमाजात मागतीया, अम्मी मागतीया, सगळी मागत्यात. पर मला तुमचं पायजे. ज्या तोंडानं वाईट मागितलं, त्याच तोंडानं मागा. आन् मनापासनं मागा. खोटं मागितलं तर मला कळंल."

मी मान हलवली. तिनं तिच्या मोकळ्या हातानं तिचा चहाचा कप उचलला, अर्धा प्यायली आणि उरलेला माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "घ्या दोन घोट. काट्यावर मी काय बोलू देत न्हाई सिस्टरला." तो चहा गार झाला होता. तसा चहा मी परत प्यायले नाही.

ऑपरेशन नीट झालं. नवी किडनी जोडली तशी कामाला लागली. तिच्या भावानं दुसऱ्या दिवशी मालकांना फोन करून सांगितलं, बाटली भरभरून होतेय म्हणून. आता तिच्या पलंगावर एक मास्तर असतात. हेवा गेला का, असं कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. शमीम फोनवर म्हणते, आज तीन लिटर पाणी प्यायले, तेव्हा अजून कुठेतरी टोचतं. पण ते साचून राहत नाही. येतं, मी ओळखते, आणि जातं. माझा भाऊ अजून परत फिरकलेला नाही. त्याची वाट बघते, पण आता त्याला शिव्या घालत नाही. मशीन मिळालं, नेणारा नवरा मिळाला, चार तास शेजारी पडून मला माफ करणारी एक बाई मिळाली. हे सगळं आधीपासून माझ्याजवळ होतं आणि मी दुसरीच्या तांब्याकडे बघत बसले होते.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघं देवळात गेलो. मला वजन उचलायचं नाही, म्हणून मालक नदीवरून कळशी आणायचे, तळाशी ते हात लावायचे आणि मी काठ धरून ओतायचे. पहिली शमीमच्या भावासाठी, दुसरी त्याच्या बायकोसाठी, मग त्याच्या दोन पोरींसाठी, शमीमसाठी, तिच्या अम्मीसाठी, डॉक्टरांच्या हातांसाठी. मनापासून मागितलं. मोरीतून पाणी झुळझुळ जात होतं. अकरावी ओतून झाली, मालक कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "सगळ्यांचं झालं. तुजं काय मागितलंस?"

माझं मागायचं राहूनच गेलं होतं.

"बारावी आणू का?" ते म्हणाले. कळशी घेऊन निघालेच होते.

मी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," म्हटलं. "देवाला आपलं घर ठाव हाय."