पट्ट्याची खूण

एका मंगळवारी आईच्या हातून परात पडली. बहिणीने मान वळवली नाही.

ती दोन वर्षांची होती, मी चौथीत. वडील देऊळघाटच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. कानांची तपासणी मुंबईलाच होईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांनी मुंबईला चिठ्ठी पाठवली; नंबर लागला की पत्र येणार होतं.

मधल्या सुट्टीत वडील रोज घरी येऊन ओट्यावर उभे राहत. पोस्टमन लांबूनच हात हलवी. एकदा म्हणाला, "पत्र काय म्या खाल्लं का जी, गुर्जी?" वडील हसले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओट्यावर होतेच.

बहीण हे पाहत असे. एक दिवस तिने खांद्यावरून छातीवर तिरकं बोट ओढलं, पोस्टमनच्या पिशवीच्या पट्ट्यासारखं, आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. आला, पण काही नाही. घरात सगळेच ती खूण करू लागलो. पुढे तिचा अर्थ नुसता 'थांब' असा झाला. भाकरी तव्यावर असली की आई पिठाच्या बोटाने पट्टा ओढी. मग मीठ, ताक, झोप, भीती, सगळ्यालाच खुणा झाल्या. बऱ्याचशा बहिणीनेच केलेल्या.

पत्र आलं तेव्हा तिला पाचवं लागत आलं होतं. वडील तिला घेऊन मलकापूरहून रेल्वेने निघाले. ती माझ्याशिवाय राहत नसे, म्हणून मलाही नेलं. मुंबईच्या दवाखान्यात बाकावर दादरच्या एक बाई मुलीला घेऊन बसल्या होत्या. "आम्ही गेल्या सोमवारी नाव दिलं. तुम्हांला फार थांबावं लागलं का हो?"

"नाही, फार नाही," वडील म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. आता बोलणं कठीण. आणि हे हातवारे बंद करा, नाहीतर मुळीच बोलायची नाही."

घरी आल्यावर वडिलांनी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "हात बंद केले तं पोरगी मले पाणी कसं मांगीन?"

आई आणि मी हातांनी बोलत राहिलो. वडील मात्र बहिणीशी तोंडानेच बोलले, सावकाश, अखेरपर्यंत. ती कधी बोलली नाही. डॉक्टरीणबाई चुकल्या असं मला म्हणवत नाही. पत्राची वाट पाहण्यातली ती वर्षं तिच्या बोलण्यातून वजा झाली, हे खरं आहे. आमची भाषाही त्याच वर्षांत झाली.

गेल्या श्रावणात ती गेली. शेवटच्या आठवड्यात मी औषध पुढे केलं की ती छातीवरून बोट ओढायची. तळवे उघडायची ताकद राहिली नव्हती. आईवडील आधीच गेले होते.

त्या खुणा आता मला एकटीला येतात.