बाराचा शो आणि साडेदहाचे अश्रू

मंडळी, रागावू नका, पण मला आपल्याच पिक्चरवाल्या ग्रुपचा संशय येतोय.

त्या महाकाय जनावराचा नव्याने काढलेला पिक्चर आज रत्नागिरीत लागला. पहिलाच शो दुपारी बाराचा. आणि ग्रुपवर सकाळी साडेदहालाच आठ जणांनी लिहिलं होतं, "अंगावर काटा आला, शेवटी रडलो." सगळे इथलेच. मग बघितला कुठे?

मी मामाला घेऊन गेलो. मामा मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. आमच्या पुढे एकसारखे टी-शर्ट घातलेले चौघे बसले होते. पडद्यावर अजून नुसतं पाणी होतं, तरी हे उभं राहून शिट्ट्या मारतायत!

मामा कानात म्हणाला, "मेल्या, मासळीच्या लिलावात बोटवाला भाव चढवायला आपलीच दोन माणसं गर्दीत उभी करतो. ही तसलीच वाटतात."

इंटरव्हलला मी त्याला ग्रुपवरच्या पोस्ट वाचून दाखवल्या. एका पोस्टवर माझाही लाइकचा बदाम होता, सकाळी पिक्चर न बघताच दिलेला. तो मामाने पाहिला.

"साधा बांगडा घेताना लोक कल्ले उघडून बघतात. तू काय बघितलंस रे?"

मी मोबाईल खिशात घातला.

शेवट बघून माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पण आता ते लिहायचीही चोरी. कोण खरं मानणार?

माझा बदाम मी काढून घेतलाय. रडलेल्या आठ जणांनो, एवढंच सांगा, ट्रेलरमध्ये हे दाखवलेलं नाही: शेवटी ते जनावर मेलं, की समुद्रात परत गेलं?